खिळा काढायचा नाही

हेडविग ओस्टमननं हातोडा उचलला आणि मागे जमलेल्या मंडळींनी कॉफीचे कप खाली ठेवले. स्ट्रेमविक विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात माणसं कॉफीचा कप सहसा खाली ठेवत नाहीत. पण प्रबंध ठोकायचा मानच तसा. ज्याला डॉक्टर व्हायचंय त्यानं जाहीर परीक्षेच्या तीन आठवडे आधी आपला छापील प्रबंध विद्यापीठाच्या भिंतीवर खिळ्यानं ठोकायचा. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यानं तो वाचावा आणि त्यात काय चुकलंय ते खुशाल शोधून काढावं. वाचत कुणी नाही, ही गोष्ट वेगळी.

आज ठोकायचा शेवटचा दिवस होता. परीक्षा झाली की लगेच जूनअखेरचा मिडसमरचा सण, आणि मिडसमर उलटलं की उन्हाळा सरेपर्यंत विद्यापीठात चिटपाखरू सापडत नाही. हेडविगला याच विभागात कायमची व्याख्याता म्हणून घ्यायचं ठरलं होतं; अट एवढीच, की मिडसमरच्या आत डॉक्टर झालं पाहिजे. नाही झालं तर जागा दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला, म्हणजे स्टेल्लानला. स्टेल्लान तिथेच उभा होता, बशीत केकचा तुकडा घेऊन, आणि अगदी मनापासून हसत होता. त्याचं ते मनापासून हसणंच हेडविगला सकाळपासून टोचत होतं.

"तीन घाव बरं का," तिचा मार्गदर्शक रूनार म्हणाला. "तीन घावांत खिळा आत गेला नाही तर परीक्षा अवघड जाते. माझे अकरा लागले होते."

"आणि परीक्षा?"

"ती आठवण आज नको."

खिळा आणला होता हेडविगच्या बापानं. ईवार उत्तरेकडचा, होड्या बांधणारा माणूस. बोलायचा कंटाळा. हो म्हणायचं असलं तरी तोंड उघडायचा नाही, नुसता श्वास आत ओढायचा, तिकडच्या लोकांसारखा. त्यानं खिशातून फडक्यात गुंडाळलेला खिळा काढला तेव्हा रूनार दोन पावलं मागे सरला.

"अरे ईवार, हा प्रबंध आहे. जहाज नाही."

"पोरीची पाच वर्षं आहेत त्यात," ईवार म्हणाला. "पडता कामा नये."

खिळा वीतभर होता. होडीच्या कण्याला ठोकायचा. ईवारनं स्वतः भट्टीत तापवून घडवलेला. प्रबंधाच्या कोपऱ्यात त्यासाठी भोकही त्यानंच पाडून ठेवलं होतं. गेल्या वर्षी इमारतीची डागडुजी झाली तेव्हा जुना जाडजूड ओंडका जाऊन पांढऱ्याशुभ्र भिंतीवर एक नाजूक फळी आली होती. त्या फळीपुढे हा खिळा बघून कुणाच्या तरी मनात शंका यायला हवी होती. पण बाप एवढ्या लांबून आलाय, त्याला नाही कसं म्हणायचं?

पहिला घाव बसला. "एक!" मंडळी ओरडली. दुसरा बसला. "दोन!" तिसऱ्याला हेडविगनं स्टेल्लानच्या हसण्याकडे एकदा पाहिलं आणि अंगातलं सगळं बळ हातोड्यात ओतलं. खिळा माथ्यापर्यंत आत गेला. टाळ्या पडल्या. ईवारनं अभिमानानं श्वास आत ओढला.

आणि कॉफीचं यंत्र बंद पडलं.

त्याच्या शेजारच्या पडद्यावर "अभिनंदन हेडविग" अशी अक्षरं फिरत होती, तीही गेली. कॉफीसाठी कार्ड लावून उभा असलेला एक शिक्षक यंत्राला थापट्या मारू लागला. मग खोल्याखोल्यांची दारं उघडली आणि डोकी बाहेर आली. "नेटवर्क गेलं का?" "माझंही गेलंय." "खाली पहिल्या वर्षाची परीक्षा चालू आहे ना संगणकावर?" खालच्या मजल्यावरून पोरांचा गलका ऐकू आला, तेव्हा सगळ्यांना कळलं की परीक्षाही गेली.

हेडविग मात्र हसली. "थांबा. घाबरू नका. आत्ता येईल आपोआप."

तिचं हसणं रास्त होतं. भिंतीवर लटकलेल्या प्रबंधाचं नावच होतं 'न तुटणारं जाळं'. पाच वर्षं खपून तिनं अशी व्यवस्था रचली होती की नेटवर्कची एक केबल तुटली तर सगळा कारभार डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्या केबलवर जावा. ही व्यवस्था वर्षभर याच इमारतीत बसवलेली होती. तुटायची संधी तेवढी मिळाली नव्हती.

"हीच तर परीक्षा!" रूनारचे डोळे चमकले. "बघा मंडळी, बघा आता."

मंडळींनी बघितलं. पातं लवलं, पुन्हा लवलं. कॉफीचं यंत्र मेल्यासारखं उभं. हेडविगचं हसू आधी ओठांवरून गेलं, मग गालांवरून.

कुलगुरू येर्केर केक खायला म्हणून आला होता. "मी बघून येतो समोरच्या इमारतीत नेटवर्क आहे का ते," असं म्हणून तो कोट न घालता, फोन टेबलावर ठेवून, तरातरा जिना उतरून अंगणात गेला. मागे दार लागलं. इथली सगळी दारं कार्डावर चालतात. बाहेर पडायला काही लागत नाही, आत यायला कार्ड लागतं, आणि कार्डाला नेटवर्क लागतं. कुलगुरूनं कार्ड लावलं, पुन्हा लावलं, उलटं करून लावलं. मग वर खिडकीकडे पाहिलं. मे महिना असला तरी बाहेर बर्फाची भुरभुर चालू होती.

"त्याला आत घ्यायला कुणी तरी खाली जा," बार्ब्रो म्हणाली. बार्ब्रो विभागाचं कार्यालय सांभाळायची आणि विद्यापीठाचे सगळे नियम तिला तोंडपाठ होते.

"जाईन, पण या जिन्याच्या दाराचंही तसंच आहे," स्टेल्लान म्हणाला. "परत वर कसा येऊ?"

"मग दारात काहीतरी अडकवून जा."

"आगीचं दार आहे. अडकवायचं नाही असा तुझाच नियम आहे, बार्ब्रो."

दार हातानं धरून कुणी तरी उभं राहावं, हे एकालाही सुचलं नाही. कुलगुरू बाहेर हात चोळत राहिला.

एवढ्यात रूनारनं भिंतीला कान लावला, फळीवर टिचक्या मारल्या आणि खिळ्याच्या माथ्याकडे बघत विचारलं, "ईवार, लांबी किती म्हणालास याची?"

ईवारनं आपला पंजा फाकून दाखवला. रूनारचा चेहरा भिंतीपेक्षा पांढरा पडला. "केबल गेली आहे. खिळ्यानं."

"मग काढ ना खिळा!" कॉफीवाला शिक्षक ओरडला. "खिळा काढा, केबल जोडा, सोपं आहे!"

"मी काढू?" स्टेल्लान बशी ठेवून पुढे आला. "हेडविग, तू दमली असशील."

"हात लावू नकोस!" असं म्हणत हेडविग भिंतीला पाठ लावून उभी राहिली. "बार्ब्रो, खिळा काढला तर काय होतं?"

बार्ब्रोनं चष्मा सारखा केला. तिच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण नियम तो नियम. "प्रबंध ठोकल्यापासून परीक्षेपर्यंत सलग लटकत राहिला पाहिजे. क्षणभर जरी उतरला तरी तीन आठवडे पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे परीक्षा उन्हाळ्यानंतर."

"म्हणजे नोकरी गेली," हेडविग म्हणाली.

"आणि नाही काढला तर नेटवर्क नाही," रूनार म्हणाला, "परीक्षा नाही, दारं नाहीत."

"कॉफी नाही," मागून आवाज आला.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत. पण संगणकशास्त्राच्या माणसांना अशा कोंडीचं भलतंच प्रेम. हा म्हणाला, ही तर वर्गात शिकवतो तशीच अडवणूक. तो म्हणाला, नाही, थोडी वेगळी आहे. कुणी तरी खडू आणला. भिंतीशेजारच्या फळ्यावर गोल निघाले, बाण निघाले. खाली पोरांचा आरडाओरडा चढत होता, बाहेर कुलगुरू गारठत होता, आणि इथे सहा विद्वान केकभोवती बसून चर्चा करत होते. केकचा शेवटचा तुकडा उरला होता. शेवटचा तुकडा घेणं वाईट दिसतं म्हणून प्रत्येक जण त्याचा अर्धा कापून घेत होता, आणि उरलेला अर्धा सभ्यपणे पुढच्यासाठी ठेवत होता. आता तिथे काय उरलं होतं ते दिसायला भिंग लागलं असतं.

बाहेर कुलगुरूला मात्र राहवेना. खिडकीतून त्याला भिंतीशी जमलेली मंडळी दिसत होती, आणि काय झालंय ते तो बरोबर समजला होता. त्यानं एक मूठ वळली, दुसऱ्या हातानं त्यातून काहीतरी जोर लावून उपटल्याची खूण केली. पुन्हा केली. उड्या मारून केली.

खिडकीपाशी ईवार उभा होता. त्यानं खूण नीट न्याहाळली, श्वास आत ओढला, आणि टेबलावरची शॅम्पेनची बाटली घेऊन तिचं बूच उपटलं. बूच उडालं ते थेट रूनारच्या कपाळावर. ईवारनं भरलेला पेला खिडकीतून कुलगुरूला दाखवला आणि त्याच्या नावानं प्यायला. कुलगुरूनं दोन्ही हातांनी डोकं धरलं.

"चांगला माणूस आहे," ईवार म्हणाला. "थंडीतसुद्धा आपल्या आनंदात आनंद."

हेडविगचं लक्ष नव्हतं. इतका वेळ बाकीच्यांना खिळा खात होता, तिला दुसरीच गोष्ट. "रूनार," ती हळूच म्हणाली, "एक केबल तुटली. कबूल. पण दुसरी कुठे आहे? ती पलीकडच्या भिंतीतून जाते ना? मग कारभार तिच्यावर का गेला नाही?"

रूनार कपाळ चोळत राहिला.

"मी लिहिलंय प्रबंधात! दोन केबल, दोन वेगळ्या भिंती. तूच सांगितलंस मला!"

"आधी तसंच होतं गं," रूनार म्हणाला. "मग डागडुजीच्या वेळी कंत्राटदार म्हणाला, दुसरी भिंत कशाला फोडता, दोन्ही एकाच नळीतून नेऊ, नीटनेटकं दिसेल."

"आणि तू हो म्हणालास?"

"मी कोण हो म्हणणारा? बैठकीत ठरलं."

हेडविगचे डोळे पांढरे व्हायची वेळ आली. पाच वर्षांचं काम, पान न् पान पाचदा वाचलेलं. आणि भर भिंतीवर त्यावर पहिला आक्षेप कुणी घ्यावा, तर त्याच्याच खिळ्यानं! "कोण होतं त्या बैठकीला? एका शहाण्यालाही वाटलं नाही, की अरे, हिच्या प्रबंधाचं काय होईल?"

सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले. शेवटी बार्ब्रोनंच तोंड उघडलं. "हेडविग, तूही होतीस. येर्केरनं विचारलं, कुणाचा आक्षेप? तू केक कापत होतीस. तू मान डोलावलीस."

हेडविग मटकन खुर्चीत बसली. आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिला तो केकसुद्धा आठवला, गाजराचा होता.

तेवढ्यात रूनारचा फोन वाजला. त्यानं नाव वाचलं आणि फोन गरम तव्यासारखा या हातातून त्या हातात केला. "बोडिल!"

प्राध्यापक बोडिल क्राग म्हणजे हेडविगची प्रतिपक्षी. जाहीर परीक्षेत प्रबंधाच्या चिंधड्या करायला खास कोपनहेगनहून बोलावलेली बाई. मागच्या खेपेला तिनं ज्याची परीक्षा घेतली तो आता मधमाश्या पाळतो म्हणे. रूनारनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"रूनार, एक गंमत सांग," पलीकडून कोरडा आवाज आला. "'न तुटणारं जाळं' वाचावं म्हणून मी तुमच्या संकेतस्थळावर गेले. तर तुमचं अख्खं विद्यापीठच सापडेना. कुठे गेलात सगळे?"

"ते... किरकोळ देखभाल चालू आहे," रूनार म्हणाला आणि हेडविगकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. गप्प राहा. तीन आठवड्यांत केबल नीट होईल. हिला कळायचं काही कारण नाही.

हेडविगनं त्या बोटाकडे पाहिलं. गप्प बसलं तर नोकरी वाचेल कदाचित. बोललं तर प्रबंध आत्ताच, फोनवरच आडवा होईल. पण जे पान खोटं आहे असं आता तिला पक्कं ठाऊक होतं, त्यावर सही तिची होती. एका बैठकीत मान डोलावून झाली होती; पुन्हा डोलवायची तिला हिंमत होईना.

"बोडिल, मी हेडविग बोलतेय," ती म्हणाली. "देखभाल नाहीये. मी माझा प्रबंध ठोकला आणि खिळा केबलमधून गेला. दोन्ही केबलमधून. त्या एकाच नळीत आहेत. दोन भिंती असं मी लिहिलंय ते चूक आहे. मी स्वतः बघायला हवं होतं. बघितलं नाही."

रूनारनं डोळे मिटून घेतले. स्टेल्लानसुद्धा हसायचा थांबला.

"झालं!" बोडिल कडाडली. "वाट लावलीस माझी!"

"क... काय?"

"अगं, तोच तर माझा प्रश्न होता! 'भिंती स्वतः बघितल्यास, की रूनारच्या शब्दावर विसंबलीस?' डागडुजी चालू असताना तुमच्याकडे आले होते तेव्हा उघड्या भिंतीत एकच नळी दिसली होती मला, तेव्हापासून जपून ठेवलाय. भर सभेत विचारणार होते. तुझा चेहरा बघायचा होता मला! आणि तू आपणच सांगून मोकळी? आता मी तिथे येऊन तीन तास काय करू?"

"म्हणजे... तुम्ही येणार?" घाबरून हेडविग चक्क अहो-जाहोवर गेली. इथे कुलगुरूलाही कुणी अहो म्हणत नाही.

"प्रबंध लटकतोय ना? लटकतोय तोवर मला यावंच लागेल. व्यवस्था चांगली आहे तुझी, भिंत गाढव आहे."

"पण खिळा काढावा लागणार आहे. आणि काढला तर..."

"तुझा तिसरा अध्याय मी दोनदा वाचलाय," बोडिल म्हणाली. "तू एकदा तरी वाचलायस का?" आणि तिनं फोन ठेवला.

तिसरा अध्याय! तिच्या ओठांवर त्याचं पहिलंच वाक्य आलं: जुनी वाट सोडण्याआधी नवी वाट जोडून घ्यावी. ती ताडकन उठली. "बार्ब्रो! प्रबंध खिळ्याला लटकला पाहिजे असा नियम आहे, की त्याच खिळ्याला?"

बार्ब्रोनं डोळे मिटून मनातल्या मनात नियम वाचला. तिचा चेहरा उजळला. "खिळ्याला. कोणत्या, ते लिहिलेलं नाही."

मग काय विचारता! बार्ब्रोनं आपल्या खोलीतलं सांबराचं चित्र उतरवून त्याचा करंगळीएवढा खिळा आणला. ईवारनं खिशातून होडीची दोरी काढली, मोठा खिळा तसाच ठेवून प्रबंधाच्या भोकातून ओवली. हेडविगनं हातोडा उचलला तेव्हा मात्र सगळे कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. तिनं खिळ्यावर टकटक केलं. पुन्हा टकटक. मंडळी प्रत्येक टकटकीला दिव्यांकडे, नळाकडे, छताकडे बघत होती. पाणी उडालं नाही, ठिणगी पडली नाही. दोरी लहान खिळ्यात अडकली. मग ईवारनं पाय भिंतीला लावून हातोड्याच्या मागच्या नखीनं आपला वीतभर खिळा उपटला, आणि प्रबंध किंचित डुलून दोरीवर लटकत राहिला.

त्याच प्रबंधाची दुसरी प्रत जिन्याच्या दारात अडकवून स्टेल्लान खाली गेला आणि कुलगुरूला वर घेऊन आला. बार्ब्रोनं त्यावेळी तोंड फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. येर्केरच्या भुवयांवर बर्फ होता. "मी इतका वेळ काय सांगत होतो?" तो दात वाजवत म्हणाला.

"प्यायलो ना तुझ्या नावानं," ईवार म्हणाला आणि त्याच्या हातात पेला दिला.

केबल जोडायला माणूस जेवणानंतर येणार होता. पोरांना तोवर कागद-पेन्सिल दिल्या, आणि पेन्सिल कशी धरायची यावरच त्यांचा अर्धा वेळ गेला. सगळं मार्गी लागल्यावर बार्ब्रोला एक नियम आठवला. ठोकलेल्या प्रबंधात अक्षर बदलता येत नाही. चूक सापडली तर वेगळी चिठ्ठी लिहून शेजारी लावायची. हेडविगनं लिहिलं: 'दोन भिंतींतून' ऐवजी 'एकाच नळीतून' असे वाचावे.

"आता ही चिठ्ठीसुद्धा खिळ्यानं ठोकावी लागेल," असं म्हणून तिनं हातोडा उचलला.

"नको!" सगळे एका दमात ओरडले. स्ट्रेमविक विद्यापीठात बैठक न घेता एकमत झालं ते त्या दिवशी पहिल्यांदा. चिठ्ठी केकवरच्या हिरव्या मार्झिपानच्या, म्हणजे बदामाच्या गोड लगद्याच्या, शेवटच्या कणानं चिकटवली.

तीन आठवड्यांनी बोडिल आली, नवे प्रश्न घेऊन आली, तीन तास हेडविगला पिळून काढलं आणि शेवटी तिला डॉक्टर करून गेली. कोट अडकवायच्या खुंटीला मात्र तिनं हात लावला नाही. कोट मांडीवर घेऊनच बसली. मिडसमरच्या आदल्या दिवशी विभागाची बैठक भरली. केक नव्या व्याख्यातीनं आणायचा असतो, तो हेडविगनं आणला. तिच्या परीक्षेसाठी आलेला ईवारही कोपऱ्यात बसला होता. येर्केर म्हणाला, इमारतीतल्या एकूण एक भिंतीत काय काय दडलंय ते कुणीतरी एकदा नीट शोधायला हवं. चार-पाच वर्षांचं काम आहे, तेव्हा ते विभागातल्या सगळ्यांत तरुण व्याख्यात्याकडे द्यावं. "कुणाचा आक्षेप?" त्यानं विचारलं.

हेडविग केक कापत होती. मोठा तुकडा बापाला द्यावा की बार्ब्रोला, या विचारात तिनं मान डोलावली.